आमची वाटचाल : ‘नेट चालत नाही’ या एका वाक्यावर उभी राहिलेली फर्म

आम्ही कामाला लागलो तेव्हा जुन्या ऑफिसांतून कोअ‍ॅक्सियल केबल अजून पुरती हद्दपार झाली नव्हती. टेबलामागून टेबलामागे जाणारी एकच काळी केबल, प्रत्येक कॉम्प्युटरला टी-कनेक्टर आणि दोन्ही टोकांना ५० ओहमचे टर्मिनेटर, म्हणजे केबलचं टोक बंद करणारी टोपणं. टेबल पुसताना कोणी टोकाचा टर्मिनेटर काढून बाजूला ठेवला, की त्या केबलवरची सगळी मशीन एकदम आंधळी व्हायची. तक्रार यायची साहेबांच्या केबिनमधून, दोष असायचा थेट दाराजवळच्या टेबलामागे. पुढे प्रत्येक मशीनला स्विचपासून (सगळ्या केबल जिथे एकत्र येतात त्या डब्यापासून) स्वतंत्र केबल आली आणि एकाचं दुखणं बहुधा एकापुरतंच राहू लागलं.

त्या काळात आमचा धंदा कॉम्प्युटर विकण्याचा होता. नेटवर्क आम्ही सोबत जोडून द्यायचो, जवळजवळ फुकटच. मग मशीनवरचं मार्जिन घसरत गेलं, लोक थेट बाहेरून खरेदी करू लागले, आणि आमच्याकडे उरले ते फक्त फोन : ‘नेट चालत नाही, कोणाला तरी पाठवा.’ हाच आपला धंदा, हे कळायला थोडा वेळ लागला.

या वाक्यात सगळं सामावतं. केबल निघालेली असते, लॅपटॉपचं वायफाय चुकून बंद झालेलं असतं, कधी फक्त प्रिंटर रुसलेला असतो. म्हणून फोन घेणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला : एकट्याचं बंद आहे की सगळ्यांचं? दुसरा : मधे काय बदललं? याचं उत्तर नेहमी ‘काहीच नाही’ असं येतं. आणखी दोन मिनिटं बोललं की ‘हां, टेबल जरा सरकवलं होतं’ हे हळूच बाहेर पडतं.

साइटवर गेल्यावरचा क्रमही ठरलेला आहे. आधी केबल लावतो त्या पोर्टवरचा दिवा. तो पेटत नसेल तर सेटिंगमध्ये डोकं घालण्यात अर्थ नाही. दिवा आहे, तर आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा मशीनचा आकडी पत्ता, बघायचा. १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता दिसला, की मशीनने पत्ता मागितला, पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीकडून उत्तर आलं नाही आणि शेवटी त्याने स्वतःच एक पत्ता लावून घेतला, एवढं कळतं. अशा वेळी इंटरनेट कंपनीला फोन करून भांडण्यात वेळ जातो, कारण बिघाड बहुतेकदा ऑफिसच्या आतच असतो. पत्ता बरोबर असेल तर गेटवेला, म्हणजे ऑफिसातून बाहेर नेणाऱ्या राउटरला, पिंग (पोहोचतंय का हे बघणारी हाक), मग बाहेरच्या एखाद्या आयपीला, मग नावाने. आकड्याने पोहोचतं पण नावाने नाही, तर नावावरून आकडा शोधून देणारं डीएनएस बघा.

‘आधी रीस्टार्ट करून बघा’ या सल्ल्याचा मला मनापासून राग आहे. रीस्टार्टने चालू होतं, हे खरं. पण का बंद पडलं होतं त्याचा पुरावाही जातो आणि पुढच्या आठवड्यात तोच फोन परत येतो. आधी बघा, लिहून ठेवा, मग खुशाल बंद-चालू करा.

आमचं नाव झालं ते एका विचित्र केसमुळे. एका ऑफिसात रोज सकाळी काही मशीन चालायची, काही नाही, आणि कोणती चालतील याचा भरवसा नाही. आमच्या आधी येऊन गेलेल्यांनी स्विच बदलून पाहिला होता. आमच्या पोराने बंद पडलेल्या मशीनचा आयपी बघितला : ऑफिसची मालिका १० ने सुरू होणारी आणि याला मिळालेला पत्ता १९२.१६८ चा. म्हणजे पत्ते वाटणारा दुसरा कोणी तरी घरात शिरला होता. त्याने एआरपीच्या यादीतून (कोणत्या आयपीमागे कोणतं यंत्र, याची नोंद) त्या खोट्या गेटवेचा मॅक, म्हणजे यंत्राचा स्वतःचा क्रमांक, काढला, तो स्विचच्या कोणत्या पोर्टवर दिसतो ते शोधलं आणि केबलचा माग काढत प्रिंटरच्या टेबलाखाली पोहोचला. तिथे घरगुती वापराचा एक छोटा राउटर, ऑफिसची केबल त्याच्या लॅन (आतल्या नेटवर्कच्या) पोर्टमध्ये खोचलेली. कोणी तरी मोबाइलला वायफाय मिळावं म्हणून आणला होता. जो डीएचसीपी आधी उत्तर देईल त्याचा पत्ता मशीन घ्यायचं. सकाळच्या लॉटरीचं कारण एवढंच. केबल काढली, स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग, म्हणजे परक्याला पत्ते वाटू न देणारी सोय, चालू केलं. त्या ऑफिसने वर्षाचा करार तेव्हाच केला.

सगळे दोष असे नाट्यमय नसतात. खुर्चीचं चाक केबलवरून फिरून फिरून आतली एक जोडी तुटते. नेट चालू राहतं, पण वेग गिगाबिटवरून (सेकंदाला १००० मेगाबिट) १०० मेगाबिटवर येतो, कारण गिगाबिटला चारही जोड्या लागतात आणि १०० मेगाबिटला दोनच पुरतात. फाइल उघडायला वेळ लागतो म्हणून लोक सर्व्हरला शिव्या देत बसतात. किंवा २०१७ नंतरचे ते फोन : नवीन विंडोजवरून जुन्या स्टोरेज बॉक्समधलं फोल्डर उघडत नाही. एसएमबीची (नेटवर्कवरून फाइल उघडण्याच्या पद्धतीची) पहिली आवृत्ती मायक्रोसॉफ्टने नव्या इन्स्टॉलेशनमध्ये आपसूक देणं बंद केलं होतं. ती परत चालू करा, असा आग्रह आम्हाला पुष्कळांनी केला. ती असुरक्षित, म्हणून आम्ही नकार देऊन बॉक्सचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) बदललं, जिथे ते जमलं नाही तिथे बॉक्सच बदलायला लावला. दोन गिऱ्हाईकं त्यावरून तुटली. तुटोत.

आमची खरी कमाई दुरुस्तीपेक्षा कागदात आहे. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना एकच नंबर, रॅकच्या दारावर नकाशा, कोणता आयपी कोणाचा याची वही. लेबलं चिकटवायचे पैसे कशाला, असं गिऱ्हाईक हमखास विचारतं. आम्ही बिलात ते काम वेगळ्या ओळीत लिहितो आणि त्या ओळीवर सूट देत नाही.

हल्ली केबलचे फोन कमी, वायफायचे जास्त. पाहुण्यांचे मोबाइल पत्ते घेऊन निघून जातात, पण सर्व्हरच्या हिशेबी लीज, म्हणजे पत्ता दिल्याची मुदत, संपेपर्यंत ते पत्ते अडकलेलेच. २५४ पत्त्यांची मालिका दुपारपर्यंत संपलेली आणि जेवून आलेल्याचा लॅपटॉप १६९.२५४ वर. विंडोज सर्व्हरवर लीज आपसूक ८ दिवसांची असते. पाहुण्यांचं नेटवर्क वेगळं काढून तिथे ती काही तासांवर आणणं, हे सध्या नव्या साइटवरचं आमचं पहिलं काम असतं.