तुम्ही विचारलंत म्हणून: सगळे सारखेच दिसतात, मग जाती वेगळ्या कशा?

गड्ड्याच्या जत्रेत वर्गमित्र भेटू दे नाहीतर मंडईत शेजारच्या काकू, प्रश्न ठरलेला. "समुद्राच्या तळाचे ते किडे सगळे सारखेच दिसतात म्हणतेस, मग जाती वेगळ्या कशा? आणि असल्या वेगळ्या, तर काय बिघडलं?" सोलापूरला समुद्र नाही, हेही लगेच ऐकवतात. इतकी वर्षं मी विषय बदलत आले. आज सांगते.

माझे किडे म्हणजे पॉलिकीट, गांडुळाचे समुद्रातले भाऊबंद. त्यांच्यातला कॅपिटेला कॅपिटाटा वाढला की तिथला तळ प्रदूषित, असं मानायचे. १९७६ साली ग्रासल या शास्त्रज्ञ दांपत्याने त्याची एन्झाइम्स तपासली, तर त्या एका नावाखाली सहा जाती निघाल्या. दिसायला जवळजवळ एकच, पण अंडी आणि पिल्लांची तऱ्हा निरनिराळी. हे मी एम.एस्सी.च्या पेपरात लिहून मार्क मिळवले होते. तरी पुढे तीच चूक केली.

साडेचार-पाच हजार मीटर खोलवरचा गाळ आमच्याकडे यायचा. जहाजावरच तो बारीक चाळणीतून धुऊन बहुतेक नमुने फॉर्मॅलिनमध्ये टाकलेले असायचे, थोडे अल्कोहोलमध्ये. एका बरणीत चाळीस किडे होते, तिळापेक्षा जरा लांब. सूक्ष्मदर्शकाखाली सात-आठ जणांच्या मागच्या खंडांवरचे केस आखूड दिसले. मला दिसले होते, हे मी लपवणार नाही. लहान वयाचे असतील, असं ठरवून मी पुढे गेले. सगळ्यांना एक नाव दिलं, पेन्सिलीने चिठ्ठी लिहून बरणीत टाकली, तक्त्यात एक ओळ भरली.

दीड वर्षाने अल्कोहोलमधल्या सहा किड्यांचा डीएनए वाचला गेला. सीओआय नावाच्या जनुकाचा, जाती ओळखायला वापरतात तो नेहमीचा ६५८ अक्षरांचा तुकडा. चार एका बाजूला, दोन दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये शंभरात पंधरा अक्षरांचा फरक. त्या दोघांचे केस आखूड होते. मी बरणीकडे धावले, पण फॉर्मॅलिन आकार टिकवतं, डीएनएची मात्र वाट लावतं. चाळीसपैकी एकाचाही तुकडा वाचता आला नाही. तोवर माझा तक्ता दोघांनी आपल्या कामात घेतलेला होता.

काय बिघडलं, ते ऐका. मध्य हिंदी महासागरात ७५ हजार चौरस किलोमीटर तळावर धातूंच्या गोट्यांसाठी भारताचा शोध चालू आहे. तिथे उद्या खाणकाम झालं, तर एक नाव बघून कुणी म्हणेल, ही जात दूरवर आहे, परत येईल. त्या नावाखाली दोन जाती असल्या आणि त्यातली एक तेवढ्याच पट्ट्यात राहत असली तर?

वडिलांनी जन्म मागावर काढला. ते म्हणाले, "चादर उलटी करून बघायची असते, तू सुलटीच बघत बसलीस." राग आला होता. मला उलटं बघायला डीएनए नव्हता, हे खरं. केस दिसले होते, हेही खरं.

आणि तो पंधराचा आकडा? नुसत्या सीओआयवर जात ठरवू नये, हे माझंच म्हणणं. तो आईकडूनच येतो. पेशीच्या केंद्रकातला, म्हणजे आई-वडील दोघांकडून आलेला, एखादा जनुक साक्षीला हवा. तो अजून वाचून झालेला नाही, म्हणून दोन जाती असं लिहायला हात धजत नाही. एक लिहायलाही नाही.

बरणीत मी दुसरी चिठ्ठी टाकली आहे: "किती जाती, ठरलेलं नाही." पहिली तशीच आत आहे.