तुम्ही विचारलंत म्हणून: दुसऱ्यांच्या क्लबात कशाला जायचं?

"आपला क्लब असताना दुसऱ्यांच्या क्लबात कशाला जायचं?" नवीन सदस्य आला की महिन्याभरात हे विचारतोच. जुन्या मंडळींचा प्रश्नही तोच, फक्त त्यात काळजी असते: "आधीच आपण मोजून पंधरा-सोळा. पाठवले आणि तिकडेच रमले तर?"

आमचा टोस्टमास्टर्स क्लब, म्हणजे लोकांसमोर बोलायला शिकण्याचा क्लब, गोव्यातल्या फोंड्याचा. सभेत भाषणं बहुतेक इंग्रजीत, चहाच्या वेळी कोकणी नाही तर मराठी. आमच्यातल्या एका ताईंची गोष्ट सांगते, म्हणजे मी सगळ्यांच्या मागे का लागते ते कळेल.

ताई बोलतात त्या माईंबद्दल. माईंचं खतखतं, म्हणजे मिश्र भाज्यांचं कालवण, त्यात पडणाऱ्या तेफळांचा वास, चवथीच्या आदल्या दिवशी गणपतीच्या वर फळा-पानांची माटोळी बांधताना माईंची चाललेली धावपळ. दोन वर्षांत आम्ही माई चार भाषणांतून ऐकल्या. दरवेळी डोळे पाणावले, दरवेळी टाळ्या. एकदा मूल्यमापन, म्हणजे भाषण कसं झालं ते उभं राहून सांगायचं काम, माझ्याकडे होतं आणि मीही तोंड भरून कौतुकच केलं.

मग ताईंना मडगावच्या एका क्लबात घेऊन गेले. तेच भाषण. पाचव्या मिनिटाला वेळेचं हिरवं कार्ड, सहाव्याला पिवळं, वेळ संपल्याचं लाल दिसायच्या आत ताई खाली बसल्या. मूल्यमापनाला उभा राहिला तो विशी-बाविशीतला मुलगा. त्याने आधी आवाजाचं कौतुक केलं, मग म्हणाला, "मॅडम, माई तुमच्या कोण, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. आई, आजी की सासू? ते कळलं असतं तर त्या गेल्या तेव्हा मलाही रडू आलं असतं."

घरच्या क्लबात हे कोणी विचारलंच नसतं. आपण एकमेकांना इतके ओळखायला लागतो की भाषणात जे नाही तेही ऐकू येतं. वक्ता अर्धं वाक्य सोडतो, उरलेलं आपण मनात भरतो, आणि तो समजतो की आपण पूर्ण बोललो. शिवाय दर पंधरवड्याला भेटायचं असतं, म्हणून सूचनांची धार हळूहळू बोथट होते. त्यात लबाडी नसते, माया असते. पण बोलायला शिकायचं तर ज्यांना आपली काहीच माहिती नाही असे कान लागतात.

भजनाच्या बाबतीत हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. वास्कोच्या दामोदर सप्ताहात चोवीस तास अखंड भजन चालतं, मंडळं आळीपाळीने उभी राहतात. आपल्या गावचं देऊळ सोडून तिकडे कशाला गाता, असं कोणी विचारत नाही. परक्या पखवाजावर आपला अभंग उभा राहिला तरच तो बसला म्हणायचा.

आणि टोस्टमास्टर्समध्ये तर कुठेही गेलात तरी परकं वाटत नाही. १९२४ साली राल्फ स्मेडली यांनी कॅलिफोर्नियातल्या सांता आना इथे वायएमसीएच्या तळघरात पहिली सभा भरवली. शेजारच्या गावांत तसेच क्लब निघत गेले आणि १९३० मध्ये त्यांचा संघ झाला. सभेचा साचा सगळीकडे जवळपास एकच, पाहुण्याला सहसा पैसे पडत नाहीत, आणि हवं तर एकाच वेळी दोन क्लबांचं सदस्यही होता येतं. त्यामुळे "रमले तर" ही भीती मला पटत नाही. आपण ज्यांच्याकडे जातो ते आपल्याकडेही येतात. परीक्षांच्या दिवसांत आमची अर्धी बाकं रिकामी असतात, तेव्हा ती मडगावकरांनीच भरली आहेत.

अडचण खरी आहे ती येण्या-जाण्याची. सभा संपेपर्यंत रात्र होते आणि त्या वेळी बसचा भरवसा नाही. म्हणून "जाऊन या" म्हणून कोणी जात नाही, गाडीत बसवून न्यावं लागतं. मी एका वेळी तिघांना नेते, त्यातला एक अगदी नवखा. ज्या क्लबात जायचं तिथल्या शिक्षण उपाध्यक्षांना, म्हणजे सभेतली कामं वाटणाऱ्यांना, आठवडाभर आधी फोन करते. नवख्याला भाषण देऊ नका, टायमरचं, म्हणजे वेळेची कार्डं दाखवायचं काम द्या, असं सांगते. कार्डं हातात असली की त्याला गप्प बसून राहिल्याचा संकोच वाटत नाही, आणि दर मिनिटाला नीट ऐकणं भागच पडतं. परतताना बोरीचा पूल येईपर्यंत गाडीत जी चर्चा होते, तिच्यासाठी तरी जावं.

त्या रात्री मात्र ताई पूल ओलांडेपर्यंत काहीच बोलल्या नाहीत. पंधरा दिवसांनी त्यांनी तेच भाषण आमच्याकडे पुन्हा केलं. सुरुवातीला एकच वाक्य नवं होतं. माई त्यांची आई नव्हती, आजीही नव्हती. नारळांच्या भाटापलीकडच्या घरातली शेजारीण होती. ताईंची आई गेली त्या दिवशी तिने या सहा वर्षांच्या पोरीला उचलून आपल्या घरी नेलं होतं.

दोन वर्षं आम्ही माईंना आजी समजत होतो.