तिसरा पाय

हातात काठी आली की माणूस आजोबा होतो आणि ट्रेकिंग पोल आला की ट्रेकर. पन्नाशी उलटल्यावर गुडघ्यांनी कुरकुर सुरू केली, तेव्हा मी पोल घेतले ते या एवढ्याच कारणासाठी. दुकानात मात्र ॲल्युमिनियम बरं की कार्बन फायबर, मूठ कॉर्कची की फोमची, असं बरंच काही गंभीरपणे विचारून घेतलं. शेवटी निळी ॲल्युमिनियमची जोडी घेतली, एकात एक सरकणाऱ्या नळ्यांची, हवी तेवढी उंची करून पिळून घट्ट करायची. कार्बन हलकं खरं, पण दगडात अडकून आडवा ताण आला की वाकत नाही, थेट मोडतं. ॲल्युमिनियम निदान वाकून वेळ निभावतं.

पहिली परीक्षा कळसूबाईवर. १६४६ मीटर, महाराष्ट्राचं सगळ्यात उंच टोक. पहाटे बारी गावातून निघालो. पोलच्या मुठीला असतो त्या पट्ट्यात हात वरून नाही, खालून घालायचा म्हणजे भार मनगटावर येतो. सपाटीवर कोपर काटकोनात राहील एवढी उंची. चढाला थोडी कमी, उताराला थोडी जास्त. सगळं पाठ होतं. आणि खरं सांगायचं तर शेताच्या बांधांवरून जाताना चाल अशी काही लागली की वाटलं, इतकी वर्षं आपण उगाच दोन पायांवर चालत होतो. पाठीवर जड सॅक असेल आणि लांबचा पल्ला असेल, तर जोडीला तोड नाही, हे मी आजही म्हणेन.

पण कळसूबाई म्हणजे पल्ला नव्हे. जरा चढ, मग सपाटी, मग पायऱ्या, पुन्हा चढ. दर दहा मिनिटांनी मी थांबून पोल पिळतोय आणि बरोबरची मंडळी पुढे. लोखंडी शिडी आली की दोन्ही हात मोकळे हवेत; मग पोल मिटा, सॅकला अडकवा, वर जाऊन पुन्हा काढा. तिसऱ्या शिडीपाशी मी ते काढलेच नाहीत. त्यात माकडं. त्यांना काठी कळते, पोल कळत नाही. मी दोन्ही उगारले तरी एक हुप्प्या शांतपणे माझ्या सॅकची चेन चाचपत बसला.

उतरताना मुरमाच्या घसाऱ्यावर डाव्या पोलवर भार टाकला आणि तो निमूटपणे स्वतःतच शिरला. मी बसलो. म्हणजे बसायचं नव्हतं, पण बसलो. पीळ सरकला होता. आत धूळ गेली की असं होतं म्हणे, अधूनमधून खोलून पुसावं लागतं. शेजारीच लिंबू सरबत विकणाऱ्या मावशी होत्या. त्या हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. ताडपत्रीला टेकवलेली बांबूची काठी काढून त्यांनी पुढे केली.

"ही घेऊन जा दादा. खाली गेलं का पहिल्या घरापाशी ठेवून द्या."

काठी माझ्या खांद्याला लागेल एवढी. पेरं जवळजवळ, बुडाचं पेर भरीव, हात फिरून फिरून वरचा भाग तुपकट गुळगुळीत झालेला. मी सवयीने ती किती उंच धरायची याचा विचार करू लागलो आणि चार पावलांत लक्षात आलं की तो प्रश्नच नाही. खोल पाऊल टाकायचं असेल तर मूठ वर सरकवायची, चढ आला की खाली. दिवसभर मी जे पिळत होतो ते इथे नुसता तळहात ढिला केला की होत होतं. उंच गवत आलं की आधी काठी फिरवायची, एखादं फुरसं असेल तर त्याला कळू दे. ओढ्याच्या कडेला शेवाळ होतं तिथे आधी ती टेकवून पाहायची, मग पाय. पोलने मी जमीन मागे ढकलत होतो; काठीने मी तिला आधी विचारत होतो.

एका हातात चांगला राहिलेला पोल आणि दुसऱ्यात बांबू, असा मी गावात शिरलो. कुठल्याही दुकानात मिळणार नाही अशी ती जोडी.

पहिल्या घराच्या कुडाला सात-आठ काठ्या टेकवलेल्या होत्या, कुणाकुणाच्या हातून उतरलेल्या. माझी त्यांत ठेवली. आणि त्यांच्या शेवटी एक लाल ट्रेकिंग पोल, मधल्या सांध्याला सुतळीने करकचून बांधलेला.

"हा कोणाचा, आजी?"

ओट्यावर वाळवण राखत बसलेल्या आजींनी मान वर न करताच सांगितलं, "गेला कोणी ठेवून. डोंगराला नाय चालत ती. कोंबड्या हाकाया बरी."

मी माझा मिटलेला पोल सॅकमध्ये जरा आत सारला.