फूटपट्टीच ताणली गेली तर?

परवा फोनवर आईने विचारलं, "सापडली का रे ती चूक?" माझ्या प्रोग्रॅमचं उत्तर एका जुन्या प्रोग्रॅमशी जुळत नव्हतं, ती चूक. सापडली, पण ती चूक नव्हतीच. तिला फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

इथे माझं पीएच.डी.चं पहिलं वर्ष आहे. विषय इन्फ्लेशन, म्हणजे अगदी सुरुवातीला क्षणार्धात विश्व अफाट ताणलं गेलं तो काळ. तेव्हाच्या सूक्ष्म चढउतारांतून पुढे आकाशगंगा झाल्या. हे चढउतार जवळपास गाऊसी आहेत, घंटेच्या आकाराच्या वक्रात बसणारे. त्या वक्रापासून फारकत किती, याचं माप एफएनएल.

एकाच क्षेत्राने (क्षेत्र म्हणजे अवकाशभर पसरलेली, प्रत्येक बिंदूला काही किंमत असलेली भौतिक राशी) घडवलेल्या इन्फ्लेशनसाठी भौतिकशास्त्रज्ञ हुआन माल्दासेना यांनी 2002 मध्ये एक सुबक संबंध मांडला. चढउतारांच्या लहरींपैकी एक खूप लांब आणि दोन आखूड घेतल्या, तर एफएनएल म्हणजे एकातून वर्णपटाचा निर्देशांक (लहरींची ताकद लांबीनुसार कशी बदलते ते सांगणारा आकडा) वजा करायचा आणि पाच-बारांशाने गुणायचं. प्लँक उपग्रहाच्या मोजणीनुसार निर्देशांक सुमारे 0.965. उत्तर येतं साधारण 0.015.

माझ्या प्रोग्रॅमने तेच दिलं. गटातल्या एका जुन्या प्रोग्रॅमने मात्र त्याच मॉडेलसाठी शून्य दिलं. तो कोणी लिहिला कोण जाणे. आत टिपणाची एक ओळ नाही! तीन आठवडे मी चिन्हं तपासत बसलो.

शेवटी गाईडबाईंना दाखवलं. त्यांनी फळ्यावर एक लांबलचक लाट काढली, तिच्या माथ्यावर बारीक तरंग काढले आणि विचारलं, "हे मोजतंय कोण?"

सगळं तिथेच होतं. लांब लाट आपल्या भागातलं अवकाश थोडं ताणते. साऱ्या विश्वावर मोजमापाचं एकच जाळं अंथरलं, तर त्या जाळ्यात माथ्यावरचे तरंग सरकलेले दिसतात. तरंगांची ताकद लांबीनुसार किंचित बदलते, त्यामुळे लांब लाट आणि आखूड तरंग यांचं नातं असल्यासारखं वाटतं. तेच 0.015. पण त्या भागात बसलेल्याची फूटपट्टीही तेवढीच ताणलेली असते! तिने मोजलं तर तरंग जसेच्या तसे. जुना प्रोग्रॅम अशा स्थानिक निर्देशकांत, म्हणजे त्या भागाच्याच फूटपट्टीने मोजणारा, लिहिलेला होता. 2013 मध्ये पायेर, श्मिट आणि झाल्दारियागा यांनी हेच दाखवलं होतं: उरतं ते लांबींच्या गुणोत्तराच्या वर्गाइतकं, म्हणजे लाट जितकी लांब तितकं नगण्य. तनाका आणि उराकावा यांनी त्याआधीच हा इशारा दिला होता. सगळ्यांना हे पटलेलं नाही. उलट बाजूचे लेख अलीकडेही आलेत. मला स्थानिक फूटपट्टीची बाजू पटते, कारण दुर्बिणीला कोणाचंच जागतिक जाळं दिसत नाही.

एफएनएलची प्लँकची 2018 ची मोजणी आहे उणे 0.9, अधिक-उणे 5.1. म्हणजे नुसती अनिश्चितताच 0.015 च्या तीनशेपट. मग एवढा काथ्याकूट का? कारण इन्फ्लेशनमध्ये एकाहून जास्त क्षेत्रं असतील तर एफएनएल एकच्या आसपास येऊ शकतो, आणि तो फूटपट्टी बदलून जात नाही. तिथपर्यंत पोहोचण्यासाठीच 2025 मध्ये स्फिअरएक्स दुर्बीण अवकाशात गेली आहे.

जुन्या प्रोग्रॅमच्या पहिल्या ओळीत मी आता टीप घातली आहे: "निर्देशक स्थानिक. शून्य आलं तर घाबरू नये."