कुमसारातले गुपित आणि मुलाचा शब्द

बालकांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती पापनिवेदनात, म्हणजे धर्मगुरूसमोर पापांची कबुली देण्याच्या विधीत (आपल्याकडचा कुमसार), कानावर आली आणि ती कळवली नाही, तर धर्मगुरूला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकेल, असा कायदा ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने सप्टेंबर २०१९ मध्ये संमत केला. मेलबर्नचे आर्चबिशप पीटर कोमेन्सोली यांनी त्याआधीच सांगितले होते, की वेळ आली तर आपण तुरुंगात जाऊ, पण ऐकलेले उघड करणार नाही.

हा हट्ट आहे असे म्हणून मोकळे होता येत नाही. १२१५ च्या लॅटरन धर्मपरिषदेपासून ही गुप्तता कॅथलिक चर्चचा लिखित नियम आहे आणि ती थेट मोडणारा धर्मगुरू त्याच क्षणी आपोआप बहिष्कृत होतो. शिवाय पापनिवेदनाच्या कक्षातील जाळीपलीकडे कोण बसले आहे हे धर्मगुरूला अनेकदा ठाऊक नसते. मग तो कळवणार कोणाविषयी? आणि कळवले जाईल हे माहीत असलेला गुन्हेगार तिथे येईलच कशाला, हा आक्षेपही पोकळ नाही.

तरीही क्वीन्सलँडमधील एका माजी धर्मगुरूचे २००४ चे प्रतिज्ञापत्र मनातून जात नाही. आपण मुलांवर केलेल्या अत्याचारांची कबुली पंचवीस वर्षांत सुमारे ३० धर्मगुरूंसमोर मिळून १५०० वेळा दिली, असे त्याने त्यात म्हटले होते. म्हणजे गुन्हेगार येत होता, पुन्हा पुन्हा येत होता आणि हलक्या मनाने परतत होता. पापक्षमेआधी त्याला पोलिसांकडे जाण्याची अट घालावी, हा उपाय कोणालाही सुचेल. पण स्वतःविरुद्ध बोलण्यास कोणालाही भाग पाडता येत नाही, या तत्त्वाचा आधार घेऊन व्हॅटिकनने २०१९ च्या टिपणात अशी अट घालण्यासही मनाई केली. चर्चच्या भूमिकेतील हा भाग मला सर्वांत दुबळा वाटतो. चोरी कबूल करणाऱ्याला चोरलेला माल परत करायला सांगणारी परंपरा इथेच का थबकते?

या सगळ्या वादात गुन्हेगाराचीच चर्चा फार होते. जाळीसमोर मूलही असते. १९१० साली पोप पायस दहावे यांच्या काळातील आदेशाने पापनिवेदनाचे वय साधारण सात वर्षांवर आले. आपल्यावर झालेला अत्याचार हे आपलेच पाप आहे अशा समजुतीने सात-आठ वर्षांचे मूल तो तिथे सांगते, आणि ते ऐकणाऱ्या प्रौढाच्या तोंडाला नियमाचे कुलूप असते. पीडित मुलांनी पापनिवेदनात असे सांगितल्याची उदाहरणे संस्थांमधील बाल लैंगिक अत्याचारांची चौकशी करणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या रॉयल कमिशनसमोर आली होती. हेच पुन्हा बाहेर येऊन सांग, असे मुलाला सुचवण्याची मुभा धर्मगुरूला आहे. पण एकदा सांगण्यासाठी गोळा केलेले बळ मुलाने दुसऱ्यांदा आणायचे कुठून? मुलाने सांगितलेले हे त्याचे पापच नाही, तर त्यावर पापाच्या गुप्ततेचे आवरण कशासाठी, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मला चर्चच्या युक्तिवादात सापडलेले नाही. गुन्हेगाराच्या कबुलीबाबत माझे मन अजून थोडे डळमळते; मुलाच्या बाबतीत नाही.

आपल्याकडे हा वाद जवळजवळ झालाच नाही, याचे नवल वाटते. २०१२ च्या पॉक्सो कायद्याचे कलम १९ ‘कोणत्याही व्यक्ती’वर कळवण्याचे बंधन घालते आणि कलम २१ नुसार न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पुराव्याच्या कायद्यात वकील आणि अशील यांच्यातील संभाषणाला संरक्षण आहे, धर्मगुरूसाठी तशी तरतूद नाही. त्यामुळे वसईतील किंवा गोव्यातील कुमसार ऐकणारा फादर, निदान कायद्याच्या अक्षरांनुसार, २०१२ पासूनच त्या पेचात उभा आहे, ज्यात मेलबर्नचा धर्मगुरू नंतर सापडला. त्याच कलम २१ मध्ये एका व्यक्तीला मात्र न कळवल्याबद्दलच्या शिक्षेतून स्पष्टपणे वगळले आहे, आणि ती व्यक्ती म्हणजे मूल.