ओरिजिनल, कॉपी की झाडावरचं कटर? तुम्ही विचारलंत म्हणून

"ओरिजिनलच घ्यायला हवं का, की डुप्लिकेट चालेल? आणि ते झाडावर चढून एका हाताने चालवायचं छोटं कटर कसं?" निसर्ग वादळानंतर, म्हणजे जून २०२० पासून, चेनसॉबद्दलचा, म्हणजे झाडं कापायच्या चेनच्या मशीनबद्दलचा, हा प्रश्न ऐकला नाही असा पंधरवडा गेलेला नाही. उभ्या उभ्या, एका शब्दात उत्तर हवं असतं, म्हणून ही मशीन दुरुस्त करणारा मीही दर वेळी अर्धवट सांगत आलो. आज सगळं लिहितो.

मुळात 'डुप्लिकेट' हा एकच शब्द आपण तीन वेगळ्या मशीनना वापरतो, घोळ तिथेच होतो.

पहिलं, बिननावाचं किंवा कुठल्याशा नावाचं चायनीज मशीन. वर ५२, ५८, ६२ सीसी असे स्टिकर. ५८ लिहिलेलं मशीन उघडून मोजा. बोअर, म्हणजे सिलेंडरचा व्यास, बहुतेकदा ४५.२ मिमी आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ३४ मिमी निघतो. हिशेब केला की होतात साडेचोपन्न सीसी. आकडा फुगवलेला आहे, पण मशीन स्वतःला दुसऱ्या कोणाचं म्हणवत नाही. त्याचे पार्ट सगळीकडे मिळतात, कारण वेगवेगळ्या नावांची ही मशीन आतून जवळजवळ एकच असतात.

दुसरं, उघड कॉपी. फार्मरटेक या चिनी कंपनीची होल्झफोर्मा मशीन घ्या. त्यांचं जी ६६० हे स्टिल (Stihl) या जर्मन कंपनीच्या एमएस ६६० वर बेतलेलं, ९० सीसीच्या वरचं मशीन आहे. नाव स्वतःचं, माप दुसऱ्याचं, त्यामुळे मूळ मशीनचे पार्ट त्याला बसतात.

तिसरं म्हणजे मोठ्या कंपनीचा रंग आणि नाव चिकटवलेलं बनावट मशीन. हे कोणत्याही किमतीला घेऊ नका. स्वस्त असतं हे कारण नाही. ते कोणी बनवलं हे कळत नाही, म्हणून आतला कोणता भाग कशाचा आहे तेही कळत नाही. ओळखायचं असेल तर चेन बघा. स्टिलच्या चेनमध्ये पट्टीच्या (चेन जिच्याभोवती फिरते ती लांब पोलादी पट्टी) खाचेत फिरणाऱ्या प्रत्येक कडीवर जाडीचा आकडा ठोकलेला असतो: १.३ मिमीला ३, १.५ ला ५, १.६ ला ६. बनावट चेनवर तो अनेकदा नसतो, किंवा असला तरी पट्टीवर छापलेल्या मापाशी जुळत नाही. शंका राहिली तर बॉडीवरचा नंबर डीलरकडून तपासून घ्या.

तिसऱ्या प्रकाराबद्दल मी इतका कडक का बोलतो, ते माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या तसल्याच एका मशीनमुळे.

तक्रार नेहमीची होती. गरम झालं की बंद पडतं, थंड झालं की चालू होतं, आणि रेस सोडली तरी चेन फिरत राहते. स्पार्क प्लग पांढरा पडला होता. सायलेन्सर काढून पाहिलं तर पिस्टनवर त्याच बाजूला उभ्या रेघा. पेट्रोलच्या मिश्रणात ऑइल अजिबात नसतं तर ओरखडे चहूबाजूंनी दिसले असते. फक्त सायलेन्सरच्या बाजूला असले की मी आधी हवेची गळती शोधतो. कार्ब्युरेटर आणि सिलेंडरमधला रबरी बूट चिरला होता. तिथून जास्तीची हवा आत येत होती, म्हणजे पेट्रोल कमी पडत होतं. आणि टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलसोबतच येतं, त्यामुळे पेट्रोल कमी पडलं की ऑइलही कमी पडतं. सिलेंडर-पिस्टन, बूट, क्रँकचे दोन्ही सील बदलले. कॉम्प्रेशन दीडशे पीएसआय आलं. आयडल लावून मशीन दिलं.

ब्रेकची तक्रार नव्हती. पुढच्या हँडलसमोरचा गार्ड, जो ढकलला की चेनचा ब्रेक लागतो, तो ढकलून पाहिला, खटका पडला, तेवढं पुरेसं मानलं.

नऊ दिवसांनी त्या मशीनवर आडवा पडलेला फणस कापताना पट्टीचं टोक मागे लपलेल्या पोफळीच्या खोडक्याला लागलं. टोकाचा वरचा पाव भाग कशालाही टेकला की मशीन चालवणाऱ्याकडे उसळतं, हे तुम्हाला माहीत आहे. गार्ड मनगटावर आपटला, खटका पडला, आणि चेन फिरत राहिली. डाव्या हाताचे स्नायुबंध तुटले. दोन बोटं आजही पूर्ण मिटत नाहीत.

मशीन परत आल्यावर क्लचचं कव्हर उघडलं. ब्रेकची लिव्हर खटक्यातून पूर्ण सुटली होती, स्प्रिंगही शाबूत होती. पण ब्रेकचा पोलादी पट्टा मऊ होता, ताणून लांबला होता. चेन फिरवणाऱ्या ड्रमभोवती आवळायचा तो नुसता टेकत होता. त्यात ऑइल पंप गळका, म्हणून पट्टा आणि ड्रम तेलाने माखलेले. खटका पडणं आणि चेन थांबणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या मशीनमध्ये पहिली होत होती, दुसरी नाही.

मशीन चालवणाऱ्याची चूक नव्हती का? होती. तो खांद्याच्या वर मशीन धरून टोकाने कापत होता. चेनला धार लावताना दातापुढचा छोटा उंचवटा त्याने खूप घासून टाकला होता. तो दातापेक्षा ०.६५ मिमी खाली असायला हवा. जास्त खाली गेला की दात लाकडात घुसतो आणि उसळी वाढते. हे सगळं मी तेव्हा प्रत्येकाला सांगत होतो, आणि ते खरंच आहे. पण ब्रेक असतो तो माणसाकडून चूक होते म्हणूनच. कव्हर उघडायला दोन नट लागतात. ते मी उघडलं नव्हतं.

तोपर्यंत मीच सांगायचो, "स्वस्तातलं घ्या, दोन वर्षं वापरा, टाकून द्या." त्या सल्ल्यात इंजिनाचा हिशेब बरोबर होता. ब्रेकचा हिशेब त्यात नव्हताच. आता उलट टोकाला जाऊन "फक्त ओरिजिनल" म्हणावं, तर तेही पूर्ण खरं नाही. ओरिजिनलचा पट्टा तेलाने माखला तर तोही घसरतो, झिजून ०.६ मिमीपेक्षा पातळ झाला तर तुटूही शकतो.

म्हणून कोणतंही मशीन असो, ही तपासणी करा. मशीन सपाट जमिनीवर, चेन कशालाही टेकलेली नाही. पूर्ण रेस द्या, पुढचं हँडल न सोडता डाव्या मनगटाने गार्ड पुढे ढकला. चेन त्याच क्षणी थांबली पाहिजे. लगेच रेस सोडा, नाहीतर क्लच जळतो. मग इंजिन बंद करून मशीन एका ओंडक्यावर धरा, पुढचं हँडल सोडा, मागच्या हँडलवर पट्टीचं टोक स्वतःच्या वजनाने खाली पडू द्या. टोक आपटल्यावर ब्रेक आपोआप लागला पाहिजे. दोन्हींपैकी एकात जरी कमी पडलं तर ते मशीन वापरायचं नाही.

आता झाडावरच्या छोट्या कटरबद्दल. वरून हँडल असलेलं मशीन, म्हणजे स्टिलचं एमएस १९४ टी किंवा हस्कवर्ना या स्वीडिश कंपनीचं टी ४३५, ३०-३५ सीसीचं असतं. ते दोराने स्वतःला बांधून काम करणाऱ्या प्रशिक्षित माणसासाठी बनवलंय, आणि तेही दोन्ही हातांनी चालवायचं असतं. एका हाताने धरता येतं म्हणूनच ते जास्त धोक्याचं. आपल्याकडे शिडीवर उभं राहून दुसऱ्या हाताने फांदी धरतात. जुन्या हापूसचं पुनरुज्जीवन करताना वरच्या फांद्या काढायच्या असतील तर जमिनीवरून चालणारं लांब दांड्याचं कटर घ्या. बॅटरीवरचं वीतभर पट्टीचं कटर मनगटाएवढ्या फांदीपर्यंत उत्तम. त्याने खोड कापू नका. आणि ज्यांना वाडीतच फळ्या पाडायच्या आहेत त्यांनी ५८ चं स्टिकर विसरावं. फळी पाडताना मशीन कितीतरी वेळ पूर्ण रेसवर राहतं. त्याला ९० सीसीच्या आसपासचं इंजिन आणि ३० ऐवजी १० अंशात धार लावलेली चेन लागते. या एका कामासाठी उघड कॉपीचा विचार मी करू देतो, पण चालू करण्याआधी पिस्टन पिनच्या बारीक क्लिपा आणि पिनचं बेअरिंग बदलून घ्या. क्लिप सुटली की सिलेंडर फुकट जातो.

बिननावाचं घेतलंत, तर सोबत आलेली चेन काढून ठेवा. २० इंची पट्टीला बहुधा .३२५ इंच पिच (कड्यांमधल्या अंतराचं माप), .०५८ इंच गेज (खाचेतल्या कडीची जाडी) आणि खाचेत फिरणाऱ्या ७६ कड्या लागतात. ऑरेगॉन कंपनीची २१बीपीएक्स चेन बसते. धारेला ४.८ मिमीची गोल कानस. माड-पोफळीचं खोड बाहेरून कडक आणि तंतूंचं असतं. भुसा दोरीसारखा निघून कव्हरमध्ये अडकतो, म्हणून दर टाकीला कव्हर साफ करा. पडलेल्या झाडाला माती असते, तिथे चौकोनी कोपऱ्याच्या दातापेक्षा गोलाकार दात जास्त वेळ टिकतो. पेट्रोल-ऑइलचं मिश्रण पुस्तिकेप्रमाणे. २५ ला १ म्हणजे लिटरला ४० मिलि, ५० ला १ म्हणजे २० मिलि. अंदाजाने ओतू नका. आजच्या पेट्रोलमध्ये एथेनॉल आहे, ते पाणी ओढतं. पावसाळ्याआधी टाकी रिकामी करा आणि मशीन बंद पडेपर्यंत चालवा, नाहीतर कार्ब्युरेटरमधला पडदा कडक होतो. चेनला गाडीचं जळकं ऑइल घालू नका. त्यातली धातूची कीस पंप खाते. पंप चालतो का हे पाहायला टोक कोऱ्या पुठ्ठ्यासमोर धरून रेस द्या. काही सेकंदांत तेलाची रेघ उमटली पाहिजे.

वर्षभर कटाई करणाऱ्याने ओरिजिनल घ्यावं, यावर माझ्या मनात शंका नाही. एमएस २५० सारखं ४५ सीसीचं मशीन साडेचार किलोच्या आसपास भरतं आणि त्याचा ब्रेकचा पट्टा डीलरकडे सुटा मिळतो.

राहतो तो दहा-बारा कलमांचा माणूस. वर्षाला सहा तास काम. बिननावाचं मशीन सहा-सात हजारांत येतं, ओरिजिनलला त्याच्या कितीतरी पट मोजावे लागतात. त्याला काय सांगावं हे मला अजून ठरवता आलेलं नाही. भाड्याने घ्या म्हणावं, तर ते मशीन आधी कोणाच्या हातात होतं ते कळत नाही. शेजाऱ्यांत मिळून घ्या म्हणावं, तर धार कोणी लावायची यावरून ते पडून राहतं. तूर्त एवढंच करा. जे घ्याल ते पेट्रोल भरण्याआधी माझ्याकडे आणा. दोन नट काढायला पाच मिनिटं लागतात, पट्टा तुमच्यासमोर बघू.