घरच्या संगणकावरील गेमच्या साइट बंद करताना

ब्राउझरमध्ये खेळायच्या गेमना पूर्वी बहुधा फ्लॅश हे ॲडोबी कंपनीचे, ब्राउझरला जोडायचे सॉफ्टवेअर (प्लगइन) लागत असे, त्यामुळे तो प्लगइन काढून टाकला की निम्मे काम होई. ३१ डिसेंबर २०२० रोजी ॲडोबीने फ्लॅश बंद केले, मात्र त्याआधीच ब्राउझरला मुळातच समजणाऱ्या एचटीएमएल५ या वेबपानांच्या भाषेने त्याची जागा घेतली होती. आज या गेमसाठी संगणकात वेगळे काही घालावे लागत नाही, म्हणूनच काढून टाकण्यासारखेही काही उरत नाही. रोखायची असते ती साइटच.

आमच्या घरी मुलीला अभ्यासासाठी विंडोजचा संगणक दिला, तेव्हा सर्वांत आधी तिचे स्वतंत्र ‘स्टँडर्ड’ खाते तयार केले आणि ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड आम्हा दोघांकडेच ठेवला. या पायरीकडे दुर्लक्ष केले तर पुढचे सारे व्यर्थ आहे, कारण जी होस्ट्स फाइल (साइटचे नाव कोणत्या अंकी पत्त्याला जोडायचे हे संगणकाला सांगणारी फाइल) आपण बदलणार, ती ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार असलेल्या कोणालाही पूर्ववत करता येते.

ही फाइल विंडोजच्या सिस्टम३२ फोल्डरात, ड्रायव्हर्समधील ईटीसी या फोल्डरात असते. नोटपॅड ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडून तीत ०.०.०.० हा पत्ता, एक मोकळी जागा आणि पुढे साइटचे नाव अशी ओळ इंग्रजी अंकाक्षरांत लिहिली, की त्या नावाचा शोध संगणकाबाहेर जातच नाही. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह आणि त्याशिवाय अशा दोन ओळी लिहाव्या लागतात, कारण एका नावात सगळी उपनावे सामावून घेण्याची सोय या फाइलमध्ये नाही. जतन करताना नोटपॅड नावामागे टीएक्सटी जोडत नाही ना, हेही पाहावे. तसे झाले तर ओळी अचूक असूनही काहीच बंद होत नाही.

बंद केलेली साइट उघडायला गेल्यावर ब्राउझर जो संदेश दाखवतो, तो इंटरनेट बिघडल्यासारखा असतो. मुलांना न सांगता हे केले, तर आपण त्यांना जाणूनबुजून चुकीचे उत्तर देत असतो, आणि ते मला मुळीच मान्य नाही. म्हणून यादी मुलीला शेजारी बसवून केली. बुद्धिबळाची साइट तिने आग्रहाने यादीबाहेर ठेवायला लावली आणि तिचे म्हणणे मला पटले. सुट्टीच्या दिवशी एखादी साइट खुली करायची असेल, तर त्या ओळींच्या आरंभी # हे चिन्ह टाकले की पुरते. ओळी पुसाव्या लागत नाहीत.

या उपायाला मर्यादा आहेत. ‘अनब्लॉक्ड गेम्स’ या नावाने मिळणारी कितीतरी पाने गूगल साइट्सवरच असतात, आणि तो पत्ता बंद केला तर शाळांनी तिथे ठेवलेली पानेही बंद होतात. ओपनडीएनएससारखी, साइटच्या नावावरून तिचा अंकी पत्ता शोधून देणारी (डीएनएस) सेवा राउटरवर लावून गेमचा अख्खा वर्गच रोखता येतो, पण ती सेवा आपले घर बाहेरच्या आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेटवर दिसणाऱ्या अंकी पत्त्यावरून, ओळखते. एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटला जात असेल, तर आपली निवड नीट लागू होत नाही. शिवाय ब्राउझरमधील ‘सुरक्षित डीएनएस’ची (नावाचा शोध ब्राउझरने परस्पर दुसऱ्या सेवेकडे पाठवण्याची) सोय चालू असेल किंवा संगणक मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडला, तर राउटरवरची व्यवस्था बाजूलाच राहते. क्रोममधला डायनासोरचा गेम तर इंटरनेट नसतानाच समोर येतो, त्याला यांपैकी काहीच अडवत नाही.

यूट्यूबचा प्रश्न मात्र माझ्याकडून सुटलेला नाही. गणिताचे पाठ आणि दुसऱ्याने खेळलेल्या गेमचे तासन् तास चालणारे व्हिडिओ एकाच पत्त्यावरून येतात, आणि होस्ट्स फाइलला त्यांतला फरक कळत नाही. तूर्त संगणक बैठकीच्या खोलीत, पडदा सर्वांना दिसेल असा ठेवला आहे.